रात्रपाळीतील वैद्य आणि रस्त्यालगतची रिकामी खोली

पत्राचा सारांश : पत्रलेखिका २८ वर्षांच्या असून त्यांनी बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी पूर्ण केली आहे. गेली चार वर्षे त्या एका मोठ्या शहराच्या उपनगरातील खासगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील 'आरएमओ', म्हणून काम करतात आणि बहुतेक वेळा रात्रपाळीच त्यांच्या वाट्याला येते. पगार २४ हजार रुपये आहे आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षे चालणार आहेत. पती कारखान्यात नोकरीला आहेत. सासर सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असून तेथे घराची रस्त्यालगतची खोली रिकामी आहे. सासरे म्हणतात, "दवाखाना टाक, पण सुई-सलाईन ठेवलेस तरच चालेल, नुसत्या काढ्या-चूर्णावर पोट भरत नाही." वर्गातील एका मित्राने शेजारच्या तालुक्यात असाच दवाखाना काढून तीन वर्षांत गाडी आणि प्लॉट घेतला आहे. पत्रलेखिकेला मात्र शुद्ध आयुर्वेदाचीच प्रॅक्टिस करायची आहे, पण आंतरवासिता (इंटर्नशिप) संपल्यापासून त्यांनी एकाही रुग्णाला स्वतःच्या निर्णयाने आयुर्वेदाचे औषध दिलेले नाही. त्या लिहितात : "रुग्णालयात मला डॉक्टर म्हणतात, पण सकाळी फाईलवर माझे नाव नसते. घरी मला वैद्य म्हणतात, पण मला नाडी कळत नाही. मी ना धड डॉक्टर, ना धड वैद्य. ही चार वर्षे फुकट गेली का? शुद्ध आयुर्वेद धरू, आयुर्वेदाबरोबर अॅलोपॅथीची मिश्र प्रॅक्टिस करू, की सरकारी कंत्राटी नोकरी पाहू?"

उत्तर :

तुमचे पत्र दोनदा वाचले. 'ना धड डॉक्टर, ना धड वैद्य' हे वाक्य मला नवे नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या तोंडी ते कधी ना कधी येते आणि १९९३ साली मी स्वतः तालुक्याच्या गावी दवाखाना उघडला तेव्हा ते माझ्याही मनात ठाण मांडून बसले होते. म्हणून तुमच्या तीन पर्यायांकडे वळण्याआधी, ही चार वर्षे फुकट गेली का, या प्रश्नाचे उत्तर देते, कारण बाकीचे सगळे त्या उत्तरावर अवलंबून आहे.

दवाखान्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरातली संध्याकाळ होती. गावातले एक किराणा दुकानदार, वय पन्नाशीच्या आसपास, छातीवर हात धरून आले. आदल्या दिवशी लग्नाचे जेवण झाले होते, पित्त वर आले आहे, जळजळते आहे, असे ते म्हणाले. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट तपासले आणि पित्तावरच्या सूतशेखराच्या पुड्या बांधायला सांगून त्यांना घरी जाऊन लाह्यांचे पाणी घ्यायला सांगितले. औषध देताना माझ्या कंपाउंडरच्या लक्षात आले की, एवढ्या थंडीत त्यांचा सदरा पाठीला चिकटला आहे आणि खिशातून पैसे काढताना त्यांचा हात थरथरतो आहे. त्याने पुडी हातात दिली नाही. आत येऊन तो म्हणाला, "बाई, यांचा घाम बघा जरा." आम्ही त्यांना जीपने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. हृदयविकाराचा झटकाच होता. ते वाचले, पण माझ्या कौशल्याने नव्हे. अम्लपित्त आणि हृद्रोग यांतला भेद मी परीक्षेत पानभर लिहिला होता आणि त्याला गुणही चांगले मिळाले होते, पण तो भेद मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

तुम्ही तो चार वर्षे पाहिला आहे. रात्री तीन वाजता घामाने भिजलेला माणूस दारात आला, तर तुमचा हात आधी पुडीकडे जाणार नाही, ईसीजीकडे जाईल. श्वास लागलेले मूल किती वेगाने खालावते, साखर उतरलेली म्हातारी बाई कशी असंबद्ध बोलू लागते, तापातला कोणता रुग्ण सकाळपर्यंत थांबू शकतो आणि कोणता नाही, हे तुम्ही रात्रीमागून रात्री शिकला आहात. खेड्यात एकट्याने बसणाऱ्या वैद्याला या ज्ञानाइतकी गरज क्वचितच दुसऱ्या कशाची असते, आणि ते महाविद्यालयात फारसे मिळत नाही. ही चार वर्षे फुकट गेलेली नाहीत. फक्त ती एकाच बाजूला साठली आहेत.

आता 'शुद्ध' या शब्दाविषयी. तुमच्या पत्रात तो पाच वेळा आला आहे, आणि प्रत्येक वेळी असे वाटते की शुद्धता कपाटात कोणती औषधे ठेवली आहेत यावर ठरते. चरकसंहितेत वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्म अनेकवार पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. त्यातील दुसऱ्या गुणाला तेथे 'बहुशो दृष्टकर्मता' असा शब्द आहे आणि तुमची अडचण नेमकी त्या एका शब्दात आहे. तातडीच्या रुग्णांविषयी तुमची दृष्टकर्मता भरपूर आहे, आयुर्वेदीय चिकित्सेविषयी जवळजवळ नाही. म्हणून मनाला न रुचणारे एक मत स्पष्टच सांगते. आज तुम्ही त्या खोलीवर 'शुद्ध आयुर्वेद चिकित्सालय' अशी पाटी लावली, तर ते मला मिश्र प्रॅक्टिसइतकेच काळजीचे वाटेल. ज्याने स्वतः दहा विरेचने, म्हणजे औषधाने जुलाब करवून शोधन करण्याचे उपचार, दिलेली नाहीत, त्याने अकराव्या रुग्णाला एकट्याने विरेचन देणे रुग्णाच्या हिताचे नाही, मग हेतू कितीही निर्मळ असो. तेव्हा शुद्ध की मिश्र, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आपल्याला खरोखर काय येते आणि काय येत नाही, हे आधी कागदावर लिहून काढा. तुमच्यासारख्या अनेकांना मी हेच सांगते आणि तो कागद लिहिताना बहुतेकांचे डोळे भरून येतात. तरीही तो लिहिलेला बरा.

सासऱ्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण ते गाव ओळखतात. मात्र 'लोकांना सुईच हवी असते' या वाक्याच्या मागे काय आहे, ते पाहायला हवे. माझ्याकडे खुरपणीच्या दिवसांत एक बाई यायच्या. कंबर धरलेली, अंगात कणकण. दारातूनच म्हणायच्या, "बाई, एक सुई मारा, उद्या रानात जायचंय." पहिले काही महिने मला त्यांचा राग येत असे. नंतर एकदा त्यांना बसवून विचारले, तेव्हा कळले की त्या दिवशीची मजुरी बुडाली तर आठवड्याच्या बाजाराचे पैसे राहत नाहीत आणि मुकादम दुसरी बाई लावतो. त्यांना सुई नको होती, उद्याचा दिवस हवा होता, आणि तो फक्त सुईनेच मिळतो असे त्यांना आजवरच्या प्रत्येक दवाखान्याने शिकवले होते. ही गरज खरी आहे आणि तिला उत्तर देता आले नाही, तर वैद्याच्या दारात त्या बाई पुन्हा येणार नाहीत.

त्या गरजेला आपल्याकडे काही उत्तरे आहेत. टाचदुखी, कोपरदुखी, गुडघा किंवा कंबर धरणे यांत अग्निकर्म (तापवलेल्या शलाकेने डाग देणे) आणि विद्धकर्म (दुखऱ्या जागी सुई टोचणे) यांनी बऱ्याच जणांना त्याच बैठकीत उतार पडलेला मी पाहिला आहे. सर्वांना पडत नाही, हेही सांगायला हवे. स्नेहन-स्वेदन करून, म्हणजे तेल लावून शेक देऊन, पट्टा बांधून दिला, तर पुष्कळजण दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतात. अशक्तपणासाठी सलाईन मागणाऱ्याला मी समोर बसवून सांगते की, बाटलीत मुख्यतः मीठ-पाणी आणि कधी साखर असते आणि ज्याला तोंडाने पिता येते त्याला जलसंजीवनीने तेच काम होते. निम्म्या लोकांना ते पटते, निम्मे दुसऱ्या दवाखान्यात जातात. जाणारे जाऊ द्यावे लागतात. पहिल्या दोन वर्षांत हे फार लागते, पुढे तितके लागत नाही.

तुमच्या मित्राविषयी मी काही बोलणार नाही, कारण त्यांची बाजू मला ठाऊक नाही. फक्त एवढे म्हणेन की गाडी आणि प्लॉट ही त्यांच्या जमाखर्चाची एकच बाजू आहे. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण, प्रत्येकाला तीन मिनिटे, प्रत्येक तापाला प्रतिजैविक, प्रत्येक दुखण्याला स्टेरॉइडचे इंजेक्शन, अशी रीत काही दवाखान्यांत पडलेली आहे आणि तिची किंमत डॉक्टर नव्हे, रुग्ण चुकवतात. सुजलेले चेहरे, ठिसूळ झालेली हाडे, वाढलेली साखर घेऊन ते काही वर्षांनी आपल्याच ओपीडीत येतात. तुमचे मित्र तसे करत असतील असे मी गृहीत धरत नाही. पण त्यांची कमाई पाहून निर्णय घेण्याआधी त्यांच्या दवाखान्यात एक दिवस बसून या आणि मग ते काम रोज करायला मन तयार होते का, ते पाहा.

कायद्याची बाजूही तुम्हाला नीट माहीत असावी, कारण या विषयात ऐकीव माहिती फार चालते. महाराष्ट्र शासनाने २५ नोव्हेंबर १९९२ रोजी औषध नियमांच्या आधारे आदेश काढून राज्यात नोंदणी असलेल्या विशिष्ट वर्गांतील आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. १९९८ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी मुभा टिकते ती त्या त्या राज्याच्या कायद्याच्या आधारावर. म्हणजे येथील नोंदणीवर उद्या तुम्ही बेळगावला दवाखाना काढला, तर येथली मुभा तिकडे आपोआप लागू होत नाही. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : मुभा म्हणजे प्रशिक्षण नव्हे. होमिओपॅथीची पदवी असलेल्या मुंबईतील एका डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला अॅलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा आहे. त्यामुळे आपल्या नोंदणीनुसार नेमके काय करता येते, हे आपली नोंदणी करणाऱ्या परिषदेकडून लेखी विचारून घ्या, आणि जे करता येते त्यातलेही जेवढे खरोखर शिकला आहात तेवढेच करा. गर्भपात, सोनोग्राफी यांसारख्या गोष्टींना तर वेगळे, कडक कायदे आहेत. त्या वाटेला कोणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नका.

होमिओपॅथीचे पदवीधर हे सदर वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडे वेगळे सांगते. राज्याने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्यांना मर्यादित वाट करून दिली. त्यावरून डॉक्टरांच्या संघटना आणि शासन यांच्यात वाद झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तो अभ्यासक्रम केलेला असो वा नसो, वरचा १९९६ चा निकाल मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

कंत्राटी नोकरीविषयी तुम्ही जरा कमीपणाने लिहिले आहे. तो कमीपणा मला मान्य नाही. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी हे काम आयुर्वेद पदवीधर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन करतात. मानधन २५ हजार आणि कामावर आधारित मोबदला १५ हजारांपर्यंत, म्हणजे तुमच्या आजच्या पगारापेक्षा बरे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांची नियमित तपासणी, गरोदर मातांची नोंद, आशाताईंबरोबर घरोघरी फिरणे, हे सगळे त्यात येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातही एक पुरुष आणि एक महिला आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादी पद्धतींचे) डॉक्टर असतात आणि ते अंगणवाड्या व शाळांतील मुले तपासत फिरतात. हृदयाला छिद्र असलेले मूल अंगणवाडीत वेळेवर सापडले, तर त्याचे आयुष्य बदलते. माझ्या एका विद्यार्थिनीने अशी मुले शोधली आहेत आणि तिला आपण वैद्य नाही असे कधी वाटलेले नाही. अडचण दुसरीच आहे. नोकरी कंत्राटी आहे, मानधन वेळेवर होईलच असे नाही, अहवाल भरण्यात दिवस जातो आणि आयुर्वेदाची चिकित्सा करण्याला त्यात फार कमी जागा उरते. कर्ज फेडण्याची दोन वर्षे म्हणून हा पर्याय चांगला आहे. शास्त्र शिकण्याची वाट म्हणून तो पुरेसा नाही.

मग माझा सल्ला काय? त्या खोलीचे कुलूप अजून वर्ष-दीड वर्ष तरी काढू नका आणि तेवढा काळ प्रत्यक्ष चिकित्सा करणाऱ्या एखाद्या वैद्यांकडे बसा. दिल्लीच्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाचा एक वर्षाचा गुरु-शिष्य परंपरेचा अभ्यासक्रम आहे. त्यात निवडलेल्या वैद्यांकडे राहून शिकता येते आणि विद्यावेतनही मिळते. वयाची अट असते, तेव्हा जाहिरात येताच वाचा, कारण तुमच्या हातात फार वर्षे नाहीत. तेथे निवड झाली नाही तरी अडून बसू नका. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात, कोल्हापुरात रोज ओपीडी चालवणारे वैद्य आहेत आणि नीट विचारले तर त्यातले बरेच जण शेजारी खुर्ची देतात. तुमची प्रवृत्ती आणि घरची परिस्थिती अनुकूल असेल, तर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन कायचिकित्सा (औषधोपचार) किंवा पंचकर्मात (शरीरशोधनाच्या उपचारांत) एमडी करण्याचाही विचार करा, पण ती तीन वर्षांची वाट आहे आणि कर्जाचा हप्ता त्या काळात कोण भरणार, हे आधी ठरवावे लागेल.

नोकरी एकदम सोडण्याची गरज नाही. रात्रीच्या हिशेबाने पैसे देणारी रुग्णालये पुष्कळ आहेत. महिन्यात दहा-बारा रात्री ठेवून बाकीचे दिवस मोकळे करता येतात का ते पाहा. पूर्ण झोप न घेता सकाळी ओपीडीत बसू नका. झोप उडालेल्या माणसाला नाडी काय, समोरच्याचे बोलणेही कळत नाही. पतींशी बसून घरखर्च आणि हप्ता यांचा हिशेब मांडा. तुमच्या पत्रात त्यांचे मत कुठेच आले नाही. ते काय म्हणतात हे मला जाणून घ्यायला आवडले असते, आणि तुम्हालाही ते कळायला हवे.

वैद्यांकडे बसाल तेव्हा श्लोक ऐकायला बसू नका, काम पाहायला बसा. विशेषतः वमनाचा, म्हणजे औषधाने उलटी करवण्याच्या उपचाराचा, एक दिवस पूर्ण पाहा. पहाटे सहाला रुग्ण येतो, आठवडाभर औषधी तूप पिऊन स्निग्ध झालेला. स्नेहन-स्वेदन होते, मग त्याला गळ्यापर्यंत कोमट दूध पाजतात, मदनफळाचे चाटण देतात आणि जवळ पातेलेभर ज्येष्ठमधाचा फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेले पाणी) तयार ठेवतात. त्यानंतर दोन-तीन तास वैद्याला जागेवरून हलता येत नाही. एक जण कपाळ धरतो, एक जण पाठ वरच्या दिशेने चोळतो, वैद्य उलटीचे वेग मोजतो, शेवटी पित्त दिसले का पाहतो आणि दर थोड्या वेळाने नाडी व रक्तदाब घेत राहतो. रुग्ण पांढराफटक पडू लागला, तर कुठे थांबायचे हे त्या क्षणी ठरवावे लागते. मग धूमपान, विश्रांती आणि संध्याकाळी पातळ पेया. एका रुग्णासाठी अख्खी सकाळ जाते. तुम्ही अतिदक्षता विभागाच्या दारात काढलेल्या रात्री येथे उपयोगी पडतील, कारण रक्तदाब उतरू लागला की तुमच्या ते इतरांच्या आधी ध्यानात येईल. 'मला नाडी कळत नाही' असे तुम्ही लिहिले आहे. सुरुवातीला कुणालाच कळत नाही. वर्षभर रोज वीस नाड्या पाहून, त्या रुग्णाचे पुढे काय झाले ते वहीत लिहिले, म्हणजे थोडे कळू लागते. रुग्णाचे नाव न लिहिता वय, तक्रार, काय दिले, आठवड्याने काय झाले आणि आपण कुठे चुकलो, एवढे लिहा. चुकीचा रकाना सर्वांत जपून भरा.

या काळात रुग्णालयातील काम तुम्ही करतच राहाल, म्हणून त्याविषयी एक-दोन गोष्टी. फाईलवर नाव नसण्याचे दुःख मी समजू शकते, पण त्यात मानापेक्षा मोठा प्रश्न जबाबदारीचा आहे. रात्री फोनवर मिळालेली प्रत्येक सूचना कोणी दिली, किती वाजता दिली, आपण ती वाचून दाखवून खात्री केली का, हे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहा आणि खाली स्वतःचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक घाला. दुसऱ्याच्या नावापुढे सही कधीही करू नका, सकाळी वरिष्ठ कितीही घाईत असले तरी. रुग्णाने तुमची पदवी विचारली तर खरी सांगा. नियुक्तीपत्राची प्रत जवळ ठेवा आणि व्यावसायिक विमा काढा. त्याचा हप्ता तुमच्या पगाराच्या मानाने फार नसतो.

पुढे दवाखाना उघडाल तेव्हा तपासणीचे शुल्क औषधांपासून वेगळे ठेवा. माझ्या मते वैद्याच्या प्रामाणिकपणाचे निम्मे रक्षण एवढ्या एका गोष्टीने होते. आपल्याकडे वैद्य तपासणीचे पैसे घ्यायला संकोचतो आणि मग पोट भरण्यासाठी तीन पुड्यांच्या जागी सात पुड्या बांधतो. ज्या रुग्णाला औषधाची गरज नाही, फक्त रात्रीचे जेवण लवकर घेण्याची आणि दही सोडण्याची गरज आहे, त्याला तसे सांगून पाठवता यायला हवे आणि तरीही तुमच्या वेळेचे मोल मिळायला हवे. दुसरे, नाव नसलेल्या पुड्या देऊ नका. काय दिले ते चिठ्ठीवर वाचता येईल असे लिहा, म्हणजे रुग्णाला उद्या दुसरीकडे दाखल करावे लागले, तर तेथील डॉक्टरांना कळेल. रसौषधी, म्हणजे पारा व धातूंपासून केलेली औषधे, देताना तर ती कोणत्या उत्पादकाची, किती मात्रेत आणि किती दिवस दिली, हे लिहिलेच पाहिजे. बिननावाच्या पुड्यांमुळे आपल्या शास्त्राविषयी जितका संशय निर्माण झाला आहे, तितका कुठल्याही टीकाकाराने निर्माण केलेला नाही.

रुग्ण आधीपासून घेत असलेली औषधे पाहिल्याशिवाय काही देऊ नका आणि मधुमेहाची, रक्तदाबाची, फिटची औषधे स्वतःच्या अखत्यारीत बंद करू नका. ज्येष्ठमधासारखे आपले रोजचे, सौम्य वाटणारे औषधसुद्धा दीर्घकाळ आणि जास्त मात्रेत दिले, तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. लघवीची गोळी चालू असलेल्या वृद्धाला ते महागात पडते. हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल, कारण पोटॅशियम उतरलेले रुग्ण तुम्ही पाहिले आहेत.

इन्स्टाग्रामवर 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करायला सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा अनेक आजारांच्या उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि कायदा नसता तरी ते खोटेच ठरले असते. सुया, रक्ताचे बोळे, रक्त काढण्यासाठी वापरलेल्या जळवा यांचा कचरा वेगळा द्यावा लागतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आयुर्वेदालाही लागू आहेत. तुमच्या तालुक्यात गोळा करणारी गाडी कोणत्या दिवशी येते, ते आधीच विचारून ठेवा.

तीव्र ताप, छातीत दुखणे, बाळंतपणातील रक्तस्राव, सर्पदंश, लहान मुलाचा श्वास, अशांसाठी जवळचे ग्रामीण रुग्णालय आणि एक विश्वासू फिजिशियन यांच्याशी ओळख पहिल्याच महिन्यात करून घ्या. रुग्ण पाठवल्याबद्दल पाकीट देऊ करणारा नव्हे, तर रुग्ण पाहून दोन ओळी परत लिहिणारा डॉक्टर शोधा. प्रथमोपचाराची आणि तातडीची जी आधुनिक औषधे नियमाने ठेवता येतात आणि जी तुम्ही रात्रपाळीत वापरायला शिकला आहात, ती कपाटात असू द्या. त्याने तुमचा आयुर्वेद अशुद्ध होणार नाही.

सासऱ्यांना मात्र हे सगळे सांगत बसू नका, त्यांना एवढेच सांगा की तुम्ही गावात येणार आहात, पण शिकून येणार आहात, आणि साधारण कधी येणार तेही सांगा. ज्या माणसाने आपल्या घराची रस्त्याकडची खोली सुनेच्या दवाखान्यासाठी राखून ठेवली आहे, तो माणूस तुमच्या विरोधात नाही, फक्त त्याला काळजी वाटते आहे. तोवर ती खोली भाड्याने दिली तर हप्त्याला हातभार लागेल. फक्त करार अकरा महिन्यांचाच करा आणि मोरीकडची बाजू कोणाला बंद करू देऊ नका, कारण पंचकर्माला गरम पाणी आणि निचरा दोन्ही लागतात. राजीनामा लिहिण्याआधी येत्या सुटीच्या दिवशी एखाद्या वैद्यांना फोन करून, त्यांच्या ओपीडीत एक सकाळ मागे बसू द्याल का, असे विचारा.